आठ शिंगांचा राउटर

४ मार्च, सोमवार

हॉस्पिटलमधली फिजिओथेरपीची नोकरी सोडू नकोस असं सगळे म्हणत होते. सगळे म्हणजे नवरा, माझी आई, हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आणि आरशातली मी. एकट्या सासूबाई म्हणाल्या, "सोड. तिथे तरी कोण तुझं ऐकतं?" सोडली.

आज माझा पहिला ऑनलाइन वर्ग झाला. हॉलमधला सोफा भिंतीला लावला, लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर चढवला आणि ज्यांचे सांधे कुरकुरतात अशा डझनभर आजी-आजोबांना घरबसल्या व्यायाम शिकवायला उभी राहिले. आवाज चांगला खणखणीत निघाला. "दोन्ही हात वर घ्या. आणि धरून ठेवा!"

इथे इंटरनेट अडकलं.

मला पडद्यावर सगळे पुतळे दिसत होते, त्यांना मी पुतळा दिसत असणार. मी राउटर बंद केला, चालू केला, त्याला फुंकर मारली, दोन थपडाही दिल्या. चित्र परत आलं तेव्हा अख्खा वर्ग हात वर करून उभा होता, बँकेत दरोडा पडल्यासारखा. त्यातले एक निवृत्त न्यायाधीश आजोबा लालबुंद झाले होते. मी म्हटलं, "अहो, खाली घ्यायचे ना!" ते म्हणाले, "तुम्ही 'धरून ठेवा' म्हणालात. पुढचा आदेश आला नाही."

उद्यापासून आदेश जरा जपून द्यावे लागणार.

६ मार्च, बुधवार

आजही तेच. आज सगळे एका पायावर होते.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी शहाणी निघाली. म्हणाली, "मॅडम, शेजारी कुणी नवीन राहायला आलंय का?" आलंय. गेल्याच आठवड्यात. ती म्हणाली, "मग त्यांचा राउटर आणि तुमचा राउटर एकाच चॅनेलवर बोलत असतील. एका खोलीत दोन माणसं एकदम बोलायला लागली की कुणाचंच काही ऐकू येत नाही ना, तसं."

म्हणजे आमच्या घरासारखं. हे लगेच समजलं.

दुपारी शेजारचं दार उघडं होतं म्हणून सहज डोकावले. (सहज म्हणजे हातात कचऱ्याची रिकामी बादली घेऊन तीनदा.) समोरच्या फळीवर त्यांचा राउटर. काळाकुट्ट, परातीएवढा, वर आठ शिंगं. उताणा पडलेला खेकडाच जणू. माझा बिचारा पांढरा राउटर त्याच्यापुढे साबणाच्या डबीसारखा. तो काय तोंड उघडणार!

७ मार्च, गुरुवार

शेजाऱ्यांना खालचा रखवालदार कप्तान म्हणतो. मीही "नमस्कार कप्तानसाहेब" म्हणून सुरुवात केली तर ते दारातच म्हणाले, "मी कप्तान नव्हतो हो. बोटीवर बिनतारी यंत्रावर होतो. टकटक करून संदेश पाठवायचो." उंच, पांढरी दाढी, एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात. तिच्याशी रोज बोलायला म्हणून तो खेकडा. माणूस सभ्य दिसतो, पण मी राउटरचा 'रा' उच्चारायच्या आत चहाचं आधण ठेवायला आत गेला. माझी वर्गाची वेळ झाली होती. तशीच परत आले.

मग आईंना पाठवलं. (आई म्हणजे सासूबाई. माझी आई फोनवर असते, ह्या घरात असतात.) आईंनी खूप आढेवेढे घेतले. "मला काय कळतं त्यातलं? आणि माझे गुडघे..."

"आई, शेजारचं दार आहे. तुम्ही शाळेत भूगोल शिकवलाय. तुमच्यासमोर भलेभले गप्प बसायचे."

"ते चौथीतले होते."

शेवटी गेल्या. माझा वर्ग सुरू झाला, दोनदा अडकला, संपला, मी अंघोळ करून आले, तरी आईंचा पत्ता नाही. आल्या त्या एकदम ताज्यातवान्या. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"अगं, त्यांनी अशी अशी बंदरं पाहिलीयत, विचारू नकोस! मी आयुष्यभर नकाशावर काठी ठेवून जी शिकवली ती सगळी. एका बंदरात म्हणे पाणी इतकं स्वच्छ की बोट हवेत तरंगतेय असं वाटतं."

"आणि राउटर?"

"अय्या," आई म्हणाल्या. "ते राहिलंच."

९ मार्च, शनिवार

आई पुन्हा बोलणी करायला गेल्या. माझ्यासाठी किती त्रास घेतात! बाहेर जायचं म्हणजे नको नको म्हणणारी बाई. बाबा, म्हणजे सासरे, गेल्यापासून त्यांनी स्वतःला खोलीत कोंडूनच घेतलंय. आज मी जा म्हणायच्या आत ठेवणीतली शाल खांद्यावर घेऊन उभ्या. मी म्हटलं, "भांडायला जाताय ना?" तर म्हणाल्या, "भांडायला जातानाच नीट दिसावं माणसानं."

यश आलं! कप्तान खालच्या एक नंबरच्या चॅनेलवर राहणार, आपण वरच्या अकरावर. दोघांमध्ये भरपूर मोकळी जागा. ते स्वतः आमच्याकडे येऊन करून गेले आणि आईंच्या फोनवरून चॅनेल कसा बदलायचा तेही त्यांना समजावून सांगितलं. मला सांगत होते, पण मी पोळ्या लाटत होते. आई सारख्या "पुन्हा एकदा सांगा" म्हणत होत्या. समजायला वेळ लागतो त्यांना, वय झालं आता.

संध्याकाळचा वर्ग लोण्यासारखा झाला. न्यायाधीश आजोबा म्हणाले, "आज आदेश वेळेवर मिळाले."

१३ मार्च, बुधवार

पुन्हा बिघडलं. सगळा वर्ग कमरेत वाकलेला आणि मी गायब. कप्तान येऊन बघून म्हणाले की आपला राउटर आपोआप एकवर गेला होता. तासभर बसून नीट केला. आईंनी चहा केला. म्हटलं, आता शांतता.

१५ मार्च, शुक्रवार

पुन्हा! आज म्हणे कप्तानांचाच राउटर अकरावर सरकला होता. आपोआप. ते फार दिलगिरी व्यक्त करत होते, आणि दिलगिरी व्यक्त करायला पुन्हा तासभर बसले. ह्या यंत्रांचं काही खरं नाही. चांगली कोपऱ्यात बसवून ठेवली तरी एकमेकांच्या दिशेला जातात.

पण आईंचे गुडघे! कमाल आहे. परवापर्यंत खुर्चीतून उठताना "आई गं" म्हणायच्या, आज जिना उतरून फुलं घेऊन आल्या. माझा तिसरा व्यायाम त्या करतात असं त्या म्हणतात. मी कधी बघितलं नाही, पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. जाहिरातीत लिहायला हवं.

१८ मार्च, सोमवार

मोठी बातमी! गावाबाहेर टेकडीवर जे मोठं वृद्धनिवास आहे, त्यांच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. रोज सकाळी त्यांच्या सगळ्या रहिवाशांना मोठ्या पडद्यावर माझा वर्ग दाखवायचा विचार आहे. शुक्रवारी नमुन्याचा वर्ग घ्यायचा, त्या स्वतः बघणार. पसंत पडलं तर वर्षभराचं काम!

मी फोन ठेवला आणि आईंना धरून हॉलभर गिरक्या घेतल्या. आईंनी मला धरून जास्त घेतल्या. नवरा कामावरून आला आणि दारातच विचारता झाला, "कोण जिंकलं?"

१९ मार्च, मंगळवार

आनंदावर विरजण. आईंचं लक्षण मला बरं दिसत नाही.

आज त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि चमच्याने भिंतीवर टकटक करत होत्या. एकदा हळू, एकदा जोरात, मध्येच थांबून कान देऊन ऐकायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. मी बघतेय म्हटल्यावर चमचा लपवला. कंप असेल का हा? की त्याच्याही पुढचं काही? मी लगेच त्यांना खुर्चीत बसवून सगळ्या तपासण्या केल्या. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, बोट नाकाला लावायला लावलं, डोळे मिटून सरळ उभं राहायला सांगितलं. सगळं उत्तम. "आई, बोटं आपोआप हलतात का?" विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं, अजून फार शोधावी लागतात अक्षरं."

अक्षरं! वाचेचाही घोटाळा आहे की काय?

त्यात भर म्हणजे कप्तानही त्यांच्या बाजूने भिंतीत खिळे ठोकत बसतात. टक, टक-टक, टक. किती चित्रं लावणार हा माणूस?

नवऱ्याला सांगितलं. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर, त्याने भिंतच तपासली. म्हणाला, "तडा नाही."

२१ मार्च, गुरुवार

उद्या वर्ग. आज सकाळी पुन्हा इंटरनेट अडखळलं आणि माझा तोल गेला. आईंना म्हटलं, "उद्या कुणी कुणाकडे जायचं नाही, कुणी इथे यायचं नाही. राउटरला हात लावायचा नाही. माझं सगळं उद्यावर आहे."

आईंचा चेहरा एवढासा झाला. भिंतीवरची टकटकही दिवसभर बंद. मला फार वाईट वाटलं, पण उद्यानंतर लाड करीन त्यांचे.

२२ मार्च, शुक्रवार

केवढा दिवस हा! सगळं नीट क्रमाने लिहिते.

सकाळी वर्ग सुरू झाला. पडद्यावर वृद्धनिवासाचा भलामोठा हॉल, खुर्च्यांवर रांगेने आजी-आजोबा, कडेला उभ्या व्यवस्थापकबाई, हाताची घडी घातलेल्या. मी "नमस्कार" म्हटलं. तिकडून "नम... नम... नम..." आलं. मी "हात वर" म्हटलं आणि सगळा हॉल हात वर करून गोठला.

संपलं सगळं. मी लॅपटॉप तसाच उचलला, दार उघडलं आणि शेजारचं दार बुक्क्यांनी बडवलं. कप्तानांनी उघडलं. माझा चेहरा बघून ते मागे सरकले.

"काय केलंत तुम्ही?" मी ओरडले. मी! शेजाऱ्यांवर!

"अहो, मी तर सकाळीच अकरा सोडून मधल्या सहा नंबरवर गेलो," ते गोंधळून म्हणाले. "तुम्हाला अडचण नको म्हणून. तुमच्यापासून लांब."

माझ्या मागून आवाज आला, "अगं बाई! मीसुद्धा सहावरच नेला आपला. ह्यांच्यापासून लांब म्हणून!"

आई. शाल न घेता, घरच्या चपला घालून, माझ्यामागे धावत आलेल्या.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला त्यांना काय काय विचारायचं होतं, पण लॅपटॉपमध्ये एक हॉल भरून म्हातारी माणसं हात वर करून बसली होती. कप्तानांनी एका क्षणात खणातून तार काढली, एक टोक खेकड्यात, एक टोक माझ्या लॅपटॉपात. "हवेत कितीही गोंधळ असू दे," म्हणाले, "तारेत कुणी मध्ये बोलत नाही."

चित्र आलं. काचेसारखं स्वच्छ. तिकडचे हात अजून वर होते.

"खाली घ्या!" मी म्हटलं आणि अख्ख्या हॉलने असा सुस्कारा सोडला की मला हसू फुटलं. तिकडेही हसू फुटलं. मग काय, भीतीच गेली. कप्तानांच्या हॉलमध्ये, त्यांच्या जहाजांच्या चित्रांपुढे मी वर्ग घेतला. (चित्रं मोजकीच आहेत. मग इतके खिळे कशाला?) पुढचा व्यायाम जोडीने करायचा होता. मी आई आणि कप्तानांना समोर उभं केलं. "एकमेकांचे दोन्ही हात धरा. हळूहळू मागे झुका. जोडीदारावर भार टाका. घाबरू नका, तो तुम्हाला पडू देणार नाही. आता सरळ या. आता सोडा."

वृद्धनिवासात सगळ्यांनी सोडले. ह्या दोघांनी सोडले नाहीत.

मी पुन्हा म्हटलं, "सोडा." तार होती, अडकायचा प्रश्न नव्हता. दोघं तसेच उभे. आईंचे कान लाल झाले होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांचे कान लाल होताना कधी पाहिले नव्हते.

तिकडून पहिल्या रांगेतल्या एका आजींचा खणखणीत आवाज आला, "अहो मॅडम, राहू द्या ना त्यांना!"

आणि टाळ्या. हॉलभर. व्यवस्थापकबाईंनी हाताची घडी सोडून वाजवल्या.

वर्ग संपल्यावर मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "त्या बुधवारी आपला राउटर मी एकवर नेला होता."

"आणि गेल्या शुक्रवारी मी माझा अकरावर," कप्तान म्हणाले.

"आणि भिंतीवरची टकटक?"

"त्यांनी शिकवली. 'चहा' लवकर येतं. 'या' तर फारच सोपं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हातोड्या मारत होते. मी मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

२४ मार्च, रविवार

आईंनी आज जेवताना मुलाला सांगितलं. आडपडदा नाही. "मी आणि शेजारचे, आम्ही लग्न करतोय."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो त्याने ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "बाबांचा फोटो आहे भिंतीवर, आई."

"आहे. त्यांच्याशी बोलूनच ठरवलंय. मी रोज बोलते त्यांच्याशी, तुला काय ठाऊक?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, इतकी वर्षं पोरांना बंदरं शिकवलीस, एखादं बघून तरी ये."

तो उठून गॅलरीत गेला. मी मागे गेले नाही. भांडी घासत राहिले आणि एकच पातेलं तीनदा घासलं.

२८ मार्च, गुरुवार

वृद्धनिवासाचं काम मिळालं! वर्षभराचं. व्यवस्थापकबाईंची एकच अट आहे: जोडीचे व्यायाम "त्याच जोडप्याने" करून दाखवायचे. तिकडच्या आजी विचारतात म्हणे.

नाचावं की रडावं कळेना. कारण नवरा चार दिवस घरात पाहुण्यासारखा वागतोय. आईंशी "मीठ द्या" एवढंच. कप्तान जिन्यात भेटले की बुटाची नाडी बांधायला बसतो. काल सँडल घातले होते, तरी बसला.

२ एप्रिल, मंगळवार

आज आई त्याच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं आणि मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते, त्यामुळे ऐकणं भाग पडलं.

"तू रागावलायस का रे?"

"नाही."

"मग?"

पलंग कुरकुरला. मग तो लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, "तू जाणार ना इथून."

"अरे, शेजारी जातेय! तुझी शिंक ऐकू येईल मला."

"तरी पण."

आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असणार, कारण त्यानंतर बोलणं ऐकू आलं नाही. मी घातलेल्या सगळ्या घड्या चुकल्या, पुन्हा घातल्या.

३० एप्रिल, मंगळवार

लग्न झालं! सकाळी नोंदणी कार्यालयात. तिथल्या कारकुनाने दोघांचे पत्ते बघितले आणि चष्म्यावरून विचारलं, "प्रेमविवाह का?" आई म्हणाल्या, "नाही. तांत्रिक बिघाड." कप्तान इतके हसले की त्यांची सही वाकडी आली. परदेशातली मुलगी फोनवर होती, तीही हसत होती, रडत होती आणि मध्येच अडकत होती. साक्षीदार म्हणून नवऱ्याने सही केली. न सांगता पुढे झाला आणि केली.

दुपारी आईंचं सामान हलवलं. सामान म्हणजे दोन पेट्या, पृथ्वीचा गोल आणि त्यांचं लाकडी कपाट. "ते नवरा उचलेल," मी म्हटलं, तर दोन्हीकडून "कुठला?" असं आलं. मग सगळेच हसायला लागले. आजचा दिवस असाच होता, कशालाही हसू येत होतं.

कपाट कप्तानांच्या दारात अडकलं. कप्तान आतून ओढत होते, नवरा बाहेरून ढकलत होता. मध्ये अवाढव्य कपाट, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

"जरा डावीकडे घ्या," नवरा म्हणाला.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"तुमच्या," नवरा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "काका."

पलीकडून ओढणं थांबलं. मग कप्तानांचा घोगरा आवाज आला, "घेतो, बाळा."

आई जिन्यात पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगीचच तो गोल फिरवत राहिल्या.

कपाट काही हललं नाही. ना आत, ना बाहेर. नवऱ्याने कंबरेवर हात ठेवून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाला की आता ओढलं तर चौकट जाईल, उद्या सुताराला बोलावू. म्हणजे कप्तान आत, आई बाहेर, आणि लग्नाचा पहिला दिवस! चहाचा कप कपाटावरून पलीकडे दिला. कप्तानांनी तिकडून बिस्किटं दिली. आम्ही सगळ्यांनी जिन्यात बसून चहा घेतला आणि इतका गोंधळ घातला की खालचा रखवालदार वर येऊन बघून गेला.

आई आज आमच्याकडेच झोपणार, नेहमीच्या खोलीत. नवऱ्याने त्यांचं अंथरूण स्वतः घातलं, उशाला पाणी ठेवलं, आणि आता तो त्यांच्या पायाशी बसलाय, दोघं कधीपासून काहीतरी बोलत आहेत.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. पुलाचा इंच न इंच मोजणारा हा माणूस, कपाट उचलायच्या आधी दार मोजायला कसा विसरला? लग्नाच्या धावपळीत दमला असेल बिचारा. पाठ शेकायला पाणी गरम करून ठेवते.